झाकली मूठ आणि क्ष-किरण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, भरतकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलण्याची आपली रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलण्याविषयी विचारले तेव्हा मी क्ष-किरण हा विषय मागून घेतला. दोघीतिघी हसल्या. म्हणाल्या, "अहो, हा तर डॉक्टरांचा विषय!" मी म्हटले, विषय डॉक्टरांचा असेल, पण फोटो निघतो तो आपला. ज्या बाईच्या छातीचा फोटो, तिला त्यातले दोन शब्द कळायला काय हरकत आहे? मी काही शास्त्र शिकलेली नाही. जे विचारून, वाचून, ताडून पाहून समजले, तेच आपल्या भाषेत सांगणार आहे.

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये सकाळी जरा उभे राहून पाहा. किनवट, मुखेड, देगलूरकडून एस. टी. ने आलेल्या बायका हातात हे एवढे मोठे पाकीट घेऊन बसलेल्या असतात. तिकडे लातूरला जा. उदगीर, निलंगा, औशाहून आलेल्या बायका तशाच बसलेल्या दिसतील. पाकिटात आपलेच हाड, आपलीच छाती असते, आणि आपण ते पाकीट पोथीसारखे कपाळाशी लावून डॉक्टरांपुढे ठेवतो. आत काय आहे, ते कसे उमटले, हे आपण विचारीत नाही. न विचारल्यामुळे मनात भीती राहते, आणि भीतीपोटी काही वेळा भलतेच नुकसान होते. म्हणून आज हा विषय.

प्रथम हे किरण सापडले कसे, ते सांगते. जर्मनीत वुर्त्सबुर्ग नावाचे गाव आहे. तिथे विल्हेल्म राँटजेन नावाचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी ते अंधाऱ्या खोलीत एका काचेच्या नळीतून वीज सोडून पाहत होते. नळीला काळ्या पुठ्ठ्याने पुरते झाकले होते. उजेडाची तिरीपसुद्धा बाहेर येत नव्हती. तरीही काही अंतरावर ठेवलेला, रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून पार होऊन जाणारे हे आहे तरी काय? त्यांना ठाऊक नव्हते. गणितात जी संख्या ठाऊक नसते तिला इंग्रजीत एक्स म्हणतात. म्हणून त्यांनी ह्या किरणांना एक्स-किरण हे नाव दिले. आपल्या मराठी गणितात अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतात, म्हणून आपले ते क्ष-किरण. अज्ञाताचे ज्ञात झाले, पण नाव तेच राहिले.

पुढे कित्येक दिवस त्या गृहस्थांनी जेवणखाणही खोलीतच केले आणि कुणाला काही सांगितले नाही. मग २२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी पत्नीला खोलीत बोलाविले. त्या बाईंचे नाव आना बेर्ता. त्यांचा हात एका काचेवर ठेवविला आणि सुमारे पंधरा मिनिटे वरून किरण सोडले. काच धुतल्यावर दिसली ती हाताची हाडे, आणि एका बोटाच्या हाडाभोवती लोंबल्यासारखी अंगठी! ते पाहून बाई घाबरून गेल्या असे सांगतात. मला वाटते, आपल्यातली कोणीही घाबरली असती. पण जगातले हे पहिले प्रसिद्ध क्ष-किरण चित्र एका गृहिणीच्या हाताचे आहे, हे आपण विसरू नये. १९०१ साली नोबेल पारितोषिके सुरू झाली तेव्हा पदार्थविज्ञानाचे पहिलेच पारितोषिक राँटजेनना मिळाले. आणि ह्या सज्जन माणसाने आपल्या शोधाचा मक्ता घेतला नाही. जगाला तो खुला ठेवला. म्हणून वर्षभराच्या आतच देशोदेशीचे डॉक्टर हे किरण वापरू लागले.

आता ते किरण तयार कसे होतात ते पाहू. जुना गोल बल्ब आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात एक बारीक तार असते, ती तापून लाल-पिवळी होते. क्ष-किरणांच्या नळीतही तशीच टंगस्टन धातूची तार असते आणि नळीतली हवा काढून टाकलेली असते. तार तापली की तिच्यातून विजेचे अत्यंत बारीक कण, ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, ते बाहेर पडतात; दूध तापले की वाफ निघते तसे. अशी तापत्या तारेची नळी कूलिज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१३ साली केली. आजच्या नळ्या त्याच वंशातल्या आहेत.

हे कण नुसते बाहेर पडून भागत नाही. त्यांना जोराने पळवावे लागते. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. क्ष-किरणांच्या नळीत पन्नास हजारांपासून सव्वा लाख व्होल्टपर्यंतचा दाब लावतात. एवढ्या दाबाने ते कण असे धावतात, की एक लाख व्होल्टला त्यांचा वेग उजेडाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त होतो. समोर टंगस्टनचीच एक तबकडी असते. तिच्यावर जाऊन ते आदळतात, आणि त्या आदळण्यातून क्ष-किरण निघतात.

आदळल्यावर काय होते? दोन गोष्टी होतात. एक अशी: एस. टी. ला एकदम ब्रेक लागला म्हणजे मांडीवरची पिशवी निसटून पुढे जाते. तसाच धावता कण अणूच्या गाभ्याजवळ आला की त्याला ब्रेक लागतो, आणि त्याच्या अंगातली शक्ती किरण होऊन निसटते. बहुतेक क्ष-किरण ह्या रीतीने होतात. दुसरी गोष्ट पंगतीसारखी आहे. अणूच्या आत कण आतल्या-बाहेरच्या पंगतींत बसलेले असतात. येणाऱ्या कणाने आतल्या पंगतीतला एक उठवून लावला, तर बाहेरच्या पंगतीतला लगेच त्या रिकाम्या पाटावर येऊन बसतो, आणि येताना जास्तीची शक्ती किरणाच्या रूपाने टाकून देतो. प्रत्येक धातूची पंगत निराळी, म्हणून हे किरणही ज्या त्या धातूचे ठराविकच असतात.

पण ह्या सगळ्या खटाटोपात पदरात पडते किती? शंभरातला एक हिस्सा, तोही पुरता नाही. बाकीच्या नव्व्याण्णव हिश्शांची नुसती उष्णता होते. मुसळाने मिरची कांडताना पाहा. सगळा जोर उखळात जातो, खल तापतो, आणि एखादे बीच तेवढे उडून बाहेर पडते. टंगस्टन वितळायला तीन हजार चारशे अंश उष्णता लागते, म्हणून तो धातू निवडला. पण एकाच जागी मार बसला तर तोही टिकत नाही. तेव्हा त्या तबकडीला मिनिटाला तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत फेरे देतात. आपल्याकडे जुने कोडे आहे ना, भाकरी का करपली आणि घोडा का अडला? दोन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! फोटोच्या खोलीत बटण दाबण्याआधी जी घर्र घर्र ऐकू येते, ती ही भाकरी फिरण्याची.

इथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. बटण सोडले, दाब गेला, की किरण तत्काळ संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही. तसेच हे किरण खोलीत, कपड्यात, अंगात साठून राहत नाहीत. फोटो काढून आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायला हवी, लुगडे वेगळे धुवायला हवे, लेकराला दोन दिवस अंगावर पाजू नये, असे मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. साध्या फोटोनंतर ह्यातले काहीही करावे लागत नाही. घरी यावे आणि लेकराला खुशाल पाजावे.

आता चित्र उमटते कसे? क्ष-किरण हे उजेडाचेच भावंड. फक्त उजेडाला आपली कातडी अडविते आणि ह्यांना ती अडवू शकत नाही. पण सगळेच पदार्थ त्यांना सारखी वाट देत नाहीत. फुप्फुसात हवा असते, ती जवळजवळ सगळे किरण जाऊ देते. मांस आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणी. ते थोडे अडविते. हाडात चुना असतो, म्हणजे कॅल्शियम. ते पुष्कळ अडविते. सोने, लोखंड, शिसे तर फारच अडवितात. पलीकडच्या पट्टीवर जिथे किरण जास्त पोहोचले तिथे काळे, जिथे अडले तिथे पांढरे. म्हणजे हा फोटो नव्हेच, ही एक सावली आहे. पोटातला किंवा अन्ननलिकेचा भाग पाहावयाचा असेल, तर बेरियम घातलेले पांढरे दाट औषध प्यायला देतात, ते एवढ्याचसाठी. बेरियम किरणांना अडविते आणि नळीचा आकार सावलीत उतरतो.

सावली म्हटली की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. वीज गेल्यावर घरात दिवा लावून हे करून पाहा. हात भिंतीजवळ धरा, सावली नेटकी पडते; दिव्याजवळ न्या, ती मोठी आणि पुसट होते. म्हणूनच छातीच्या फोटोला आपल्याला पट्टीला अगदी छाती टेकून उभे करतात आणि नळी सहा फूट मागे ठेवतात, नाही तर हृदय उगीच मोठे दिसेल. "श्वास घ्या, धरून ठेवा" असे सांगतात, कारण फुप्फुस हवेने भरले की त्यातला डाग उठून दिसतो, आणि हललो तर सावली पुसते. मोडलेल्या हाताचे दोन फोटो काढतात, एक समोरून आणि एक बाजूने. पैसे उकळण्यासाठी दोन काढले, असे लोक बोलतात. पण लाटणे आपल्याकडे टोक करून धरले तर त्याची सावली नुसता एक ठिपका पडते. आडवे धरले तरच ते लाटणे आहे हे कळते. हाडाची चीरही एका बाजूने लपते आणि दुसऱ्या बाजूने दिसते.

आणि आता आपल्या दागिन्यांविषयी. भगिनींनो, हा भाग मी मुद्दाम सांगणार आहे. फोटोवाली बाई म्हणते, मंगळसूत्र काढा. आपण म्हणतो, ते निघत नाही. ती म्हणते, मग पाठीमागे सारा. पण किरण पाठीतून शिरून छातीतून निघतात. पुढे असो की मागे, सोन्याच्या वाट्यांची सावली पडायची ती पडतेच. काळ्या मण्यांची पडते. मंगळसूत्राला आणि चोळीला लावलेल्या सेफ्टी पिनांची पडते, ताईताची पडते, जाड ओल्या वेणीचीसुद्धा पडते. आणि ही सावली पडते कुठे? वेणीची पडते फुप्फुसाच्या वरच्या टोकावर, जिथे क्षयाचा डाग प्रथम दिसण्याचा संभव जास्त. मग एक तर डाग दिसत नाही, नाही तर फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरण पुन्हा घ्यावे लागतात. सौभाग्य जपण्यासाठी जी वस्तू काढली नाही, तिनेच सौभाग्यवतीचे दुखणे झाकले, असे होता कामा नये. जिला गळा रिता ठेवणे मनाला लागते, तिने हळद लावलेला साधा सुती दोरा घालून जावे. सुताची सावली फोटोत अडचण करीत नाही. आणि मंगळसूत्र रुमालात बांधून सासूबाईंच्या हातात द्यावे. सासूबाईंनीच "काढ ग, मी धरते" असे म्हटले, तर त्या पोरीचा निम्मा जीव तिथेच भांड्यात पडेल.

आता भीतीविषयी. ही भीती अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात किरणांचा अपाय कोणाला ठाऊक नव्हता. डॉक्टर आणि कामगार दिवसदिवस आपलाच हात किरणांत धरून यंत्र तपासीत. त्यांची बोटे झडली, कर्करोग झाले, कित्येक प्राणाला मुकले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली त्यांचे स्मारक उभारले. त्यावर प्रथम १६९ नावे कोरली होती. आज आपण जे निर्धास्तपणे फोटो काढून घेतो, ते ह्या लोकांच्या उपकारावर.

बायकांनीही ह्या कामी मोठा वाटा उचलला आहे. मादाम मेरी क्युरी ह्यांचे नाव आपण ऐकले असेल. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी मोटारगाड्यांत क्ष-किरणांची यंत्रे बसविली, स्वतः मोटार हाकायला शिकल्या, आणि सतरा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन फ्रान्सच्या रणभूमीवर गेल्या. जखमी शिपायाच्या अंगात गोळी कुठे रुतली आहे, ते जागच्या जागी दिसू लागले. पुढे त्यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवून तयार केले. म्हणजे हा विषय बायकांचा नाही असे कोणी म्हटले, तर त्याला हे उदाहरण सांगावे.

आपल्या मराठवाड्यालाही ह्या यंत्राची किंमत एका भयंकर पहाटे कळली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदे; झोपलेल्या माणसांवर घरेच्या घरे बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून साडेनऊ हजारांहून अधिक माणसे गेली. जखमींची तर गणतीच नव्हती. लातूर, उमरगा, सोलापूर येथील दवाखाने भरून गेले. कोणाचा खुबा, कोणाची मांडी, कोणाचा मणका. अशा वेळी वरून सूज सारखीच दिसते. आत हाड नुसते चिरले की तुकडे झाले, हे सावलीच सांगते, आणि त्यावरून प्लास्टर की शस्त्रक्रिया हे ठरते. त्या वेळी लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते २००२ साली झाले. नांदेडचे १९८८ साली सुरू झाले होते, आणि अंबाजोगाईचे त्याच्याही आधीचे. आज ह्या तिन्ही ठिकाणी गरिबाला ही सोय मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

तेव्हा अपाय किती आणि उपाय किती, हे मापाने पाहावे. किरणांचे माप मिलिसिव्हर्ट नावाचे आहे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून निसर्गतःच प्रत्येक माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका फोटोत मिळतात ०.१ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पंधरवड्यात निसर्ग जेवढे देतो सुमारे तेवढेच, किंवा त्याहूनही कमी. छातीच्या सी. टी. स्कॅनला मात्र पाच ते सातपर्यंत लागतात, कारण तिथे नळी अंगाभोवती फिरते आणि कांद्याच्या चकत्या कापाव्यात तशा शेकडो चकत्यांचे चित्र गणकयंत्र जुळविते. लंडनमध्ये १९७१ साली हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे असे चित्र निघाले. तो स्कॅन मोठ्या कामाचा आहे. पण डोके जरा दुखले की "डॉक्टर, स्कॅनच काढा" असा हट्ट आपण धरू नये, आणि गरज असता "नको बाई, किरणे बाधतील" असे म्हणून पळूही नये. मीठ अळणी नको आणि खारटही नको, एवढे आपल्याला स्वयंपाकघरात कळते. तेच इथे लावावे.

सोनोग्राफी आणि एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतातच. एकीत आवाजाच्या लहरी असतात आणि दुसरीत लोहचुंबक. पोटातल्या बाळाची तब्येत सोनोग्राफीवर पाहतात ती म्हणूनच. त्याच यंत्राने मुलगा-मुलगी पाहण्याचे पाप झाले, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली त्याविरुद्ध कायदा केला. यंत्राला दोष नाही. ते जे दिसेल तेच दाखविते.

दिवस गेलेल्या बाईने मात्र जपले पाहिजे. पोटातल्या गर्भाचे अवयव घडत असतात, आणि घडत्या मडक्याला बोटाचाही ठसा उमटतो. म्हणून फोटोच्या खोलीत जाण्याआधी, पाळी चुकली असेल तर ते कोणी न विचारता सांगावे. नवी नवरी असेल, बरोबर दीर किंवा सासरे असतील, तर तिला सांगायला लाज वाटते. तेव्हा अशा वेळी बरोबर एका बाईने जावे. सांगितल्यावर फोटो पुढे ढकलता येतो, दुसरी तपासणी करता येते, किंवा अगदीच जरूर असेल तर पोट सोडून नेमक्या जागेवरच किरण टाकून काम भागविता येते. आणि छातीचा किंवा हाताचा फोटो नकळत निघून गेलाच असेल, तर घाबरून गर्भ पाडण्याचा विचार मनात आणू नये; त्यात गर्भापर्यंत पोहोचणारे किरण फारच थोडे असतात. डॉक्टरांना विचारावे. यंत्रावर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ सालापासून आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. त्याच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालविता येत नाही. लेकराला धरून उभे राहावे लागले, तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा. मागण्यात संकोच कसला?

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. आपली म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रूच्या बाबतीत ती खरी असेल, पण छातीच्या बाबतीत ती जीव घेते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. सून तीन महिने खोकत होती. अंग उतरले, संध्याकाळी कणकण येई. शेजारणींनी सांगितले, एक फोटो काढून आणा. घरचे म्हणाले, "किरणांनी कूस वांझ होते." हे वरचे कारण. आतले कारण निराळे होते. फोटोत क्षय निघाला तर लोक काय म्हणतील, धाकट्या नणंदेचे लग्न कसे जमेल! शेवटी त्या मुलीची आई आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. फोटोत उजव्या बाजूला वर डाग होता. थुंकीच्या तपासणीत क्षय निश्चित झाला. सहा महिने नेमाने औषध घेतले आणि ती बरी झाली. आज शेतात कामाला जाते. पण त्या तीन महिन्यांत तिच्या मांडीवरच्या लेकरालाही तो रोग लागला होता. लेकरू वाचले, देवाची कृपा; पण काय काय सोसले ते त्या आईलाच ठाऊक. नणंदेचे लग्नही व्हायचे तेव्हा झाले.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या सर्वांना वंदनीय. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने गेल्या. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला आठ वर्षे होती, आणि क्षयावर चालणारे औषध निघायला पन्नासाहून अधिक. एवढ्या विदुषीला जे मिळाले नाही, ते आज आपल्या गावच्या मोलकरणीला फुकट मिळते. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध ह्यांना पैसा पडत नाही. औषध चालू असेतो पोषक आहारासाठी रुग्णाच्या खात्यात रक्कम येते. २०१८ साली ती महिना पाचशे रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली. डिसेंबर २०२४ मध्ये क्षयाची शोधमोहीम निघाली, तीत हातात धरता येईल एवढे लहान क्ष-किरण यंत्र वस्तीवर नेऊन फोटो काढण्यात आले. यंत्र आपल्या दाराशी येते आहे, आणि आपण दार लावून घेतले तर दोष कोणाचा? मात्र एक लक्षात असावे, फोटो हा संशय दाखवितो. पक्के होते ते थुंकीच्या तपासणीने. दोन्ही कराव्यात.

स्तनांच्या बाबतीतही हेच. तिथे गाठ लागली तर बाई नवऱ्यालाही सांगत नाही. भारतातल्या बायकांत आज स्तनांचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्यासाठी मॅमोग्राफी नावाचा निराळा क्ष-किरण फोटो असतो. त्यात विजेचा दाब कमी, तीस हजार व्होल्टच्या आसपास ठेवतात, म्हणजे मऊ भागातलाही बारीक फरक दिसतो. स्तन दोन पट्ट्यांत दाबून धरतात, थोडे दुखते, पण क्षणभरच. ते काम करणारी बाईच असावी अशी विनंती करता येते. गाठ लहान असता सापडली तर बाई वाचण्याची आशा पुष्कळ असते. झाकून ठेवली तर ती मूठ सव्वा लाखाची राहत नाही, सगळ्या घराची होते.

तर भगिनींनो, मंडळाने यंदा दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण एवढे करावे. जिचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तिच्याबरोबर आपल्यापैकी एकीने दवाखान्यात जावे. मंगळसूत्र धरायला तिच्याजवळ उभे राहावे. पाळी चुकली आहे का, हे तिच्या कानात विचारावे. आणि जुने फोटो चुलीपुढे वारा घालायला न वापरता एका पाकिटात, तारखेनिशी जपून ठेवावेत. जुनी सावली आणि नवी सावली शेजारी ठेवली, म्हणजे दुखणे वाढले की हटले हे डॉक्टरांना चटकन कळते.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, हे खरे. पण हाताच्या आतल्या हाडाला आणि छातीच्या आतल्या डागाला आरसा लागतो. तो आरसा एका गृहिणीच्या हातावर प्रथम उजळला. आपण त्याला पाठ फिरवू नये, एवढीच विनंती.